विश्लेषण : थंड समुद्रात गरम शरीर! कुपा, शार्क यांसारख्या वेगवान माशांचे 'इंजिन' नेमके चालते कसे?

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या विशेष आर्थिक क्षेत्रातील मासेमारीसाठी नवे नियम अधिसूचित केले. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पुढे २०० सागरी मैलांपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य द्यायचे आणि ट्यूनासारख्या महागड्या माशांपर्यंत आपल्या नौका पोहोचवायच्या, असा त्यामागचा हेतू आहे. ट्यूना म्हणजे आपल्याकडचा कुपा, काही बंदरांवर त्याला गेदरही म्हणतात. बाजारात तो सुरमई, पापलेटच्या मागे असतो. जीवशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो विलक्षण मासा आहे, कारण त्याचे शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम असते. त्याचा वेग, त्याची भूक, हजारो किलोमीटरचे स्थलांतर, पकडल्यावर त्याचे मांस लवकर खराब होणे आणि समुद्र तापल्यावर त्याच्यापुढे उभे राहणारे संकट, या साऱ्याचा संबंध या एका गोष्टीशी आहे. ती समजून घेऊ.

मासे तर थंड रक्ताचे असतात ना?

शाळेच्या पुस्तकात विभागणी सोपी असते. पक्षी आणि सस्तन प्राणी उष्ण रक्ताचे. मासे, बेडूक, साप थंड रक्ताचे. माशांच्या ३० हजारांहून अधिक ज्ञात प्रजातींपैकी बहुतेकांना हे लागूही पडते. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सियस असेल तर माशाचे शरीरही जवळपास तेवढेच असते.

अपवाद हाताच्या बोटांवर नाही, पण काही डझनांतच मोजता येतील इतके आहेत. ट्यूना गटातील १५ प्रजाती, ग्रेट व्हाइट आणि माको ज्या कुळात येतात त्या कुळातील पाच शार्क, थ्रेशर शार्क, ओपा आणि केवळ डोळे व मेंदू गरम ठेवणारे तलवार मासा, मार्लिन, सेलफिश हे मासे त्यात येतात.

ही गोष्ट नवी नाही. ब्रिटिश लष्करी डॉक्टर जॉन डेव्ही (रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांचे धाकटे बंधू) यांनी समुद्रप्रवासात नुकत्याच पकडलेल्या ट्यूना गटातील माशाच्या अंगात तापमापक खुपसून पाहिला. तो पाण्यापेक्षा सुमारे १० अंशांनी गरम निघाला. १८३५ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. मात्र, हे घडते कसे याचे नीट मोजमाप व्हायला १९६० चे दशक उजाडावे लागले. अमेरिकेतील वुड्स होल येथील फ्रँक केरी आणि जॉन टील यांनी ते काम केले.

पाण्यात शरीर गरम ठेवणे इतके अवघड का?

स्नायू काम करतात तेव्हा उष्णता तयार होतेच. पोहणाऱ्या प्रत्येक माशाच्या अंगात ती तयार होते. प्रश्न ती निर्माण करण्याचा नाही, टिकवण्याचा आहे.

माशाला प्राणवायू पाण्यातून घ्यावा लागतो. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो, तर एक लिटर समुद्राच्या पाण्यात जेमतेम पाच ते सात मिलिलिटर. म्हणजे थोड्याशा प्राणवायूसाठी भरपूर पाणी कल्ल्यांवरून न्यावे लागते. कल्ल्यांमध्ये रक्त आणि पाणी यांच्यात अतिशय पातळ पडदा असतो. प्राणवायू आत यावा म्हणून तो पातळ असतो, पण त्याच वाटेने उष्णता बाहेर जाते, आणि तीही प्राणवायूच्या कितीतरी पट वेगाने. शिवाय पाण्याची उष्णता शोषून घेण्याची क्षमता प्रचंड असते.

इंजिनाच्या भाषेत सांगायचे तर कल्ला म्हणजे माशाचा रेडिएटर. शरीरातील सगळे रक्त प्रत्येक फेरीत या रेडिएटरमधून जाते आणि पाण्याइतके थंड होऊन परत येते. दार सताड उघडे ठेवून एसी चालवावा, तशी ही अवस्था. त्यामुळे बहुतेक माशांनी उष्णता राखण्याचा प्रश्न सोडवण्याचा प्रयत्नच केलेला नाही.

मग कुपा ही उष्णता अडवतो कशी?

उत्तर रक्तवाहिन्यांच्या मांडणीत आहे. कल्ल्यांतून थंड रक्त घेऊन येणाऱ्या रोहिणी आणि स्नायूंतून गरम रक्त परत नेणाऱ्या नीला यांच्या शेकडो बारीक शाखा एकमेकींना चिकटून, समांतर धावतात. दोन्हींतील रक्त विरुद्ध दिशांनी वाहते. बाहेर निघालेल्या गरम रक्तातील उष्णता वाहिनीच्या भिंतीतून आत येणाऱ्या थंड रक्तात उतरते. रक्त कल्ल्यांकडे जाते, पण उष्णता वाटेतूनच माघारी फिरते. या जाळ्याचे शास्त्रीय लॅटिन नाव आहे 'रेटे मिराबिले', म्हणजे अद्भुत जाळे.

हीच युक्ती दूध डेअरीत रोज वापरली जाते. पाश्चरायझेशन होऊन बाहेर पडणारे गरम दूध पातळ पत्र्याच्या एका बाजूने जाते आणि नव्याने येणारे थंड दूध दुसऱ्या बाजूने उलट दिशेने येते. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, पण गरम दुधाची उष्णता थंड दुधाला मिळते आणि इंधन वाचते. प्रवाह एकाच दिशेने ठेवले तर दोन्हींचे तापमान मध्यावर येऊन थांबते. ते विरुद्ध दिशेने ठेवल्यामुळेच जवळपास सगळी उष्णता परत मिळवता येते. रासायनिक किंवा यांत्रिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला 'काउंटरफ्लो हीट एक्स्चेंजर' या नावाने जे यंत्र शिकवले जाते, ते कुप्याच्या अंगात लाखो वर्षे चालू आहे.

बांगडा आणि कुपा यांत फरक काय?

बांगडा, सुरमई आणि कुपा हे तिघेही एकाच कुळातील मासे आहेत. पण पहिले दोन थंड, तिसरा गरम. हा फरक स्वयंपाकघरातही पाहता येतो.

बांगडा साफ करताना कातडीच्या खाली, अंगाच्या मधोमध तांबूस-काळसर मांसाची एक पट्टी दिसते. हे तांबडे स्नायू. ते न थकता तासनतास काम करतात आणि संथ, सततच्या पोहण्याला तेच शक्ती पुरवतात. बाकीचे पांढुरके मांस म्हणजे पांढरे स्नायू. ते झटक्यात वेग घेण्यासाठी असतात आणि लवकर थकतात. बांगड्यात तांबडी पट्टी कातडीलगत, म्हणजे थंड पाण्याला चिकटून असते. तिथे निर्माण झालेली उष्णता लगेच निघून जाते.

कुप्याचा आडवा काप घेतला तर गडद मांस आत, पाठीच्या कण्याच्या बाजूला सरकलेले दिसते. भोवती पांढऱ्या स्नायूंचा जाड थर असतो. म्हणजे भट्टी घराच्या मध्यभागी आणली आणि सभोवती भिंत उभी केली. भट्टीकडे जाणाऱ्या वाहिन्यांवर अद्भुत जाळे बसवले. मोठ्या अंगाचा मासा असेल तर उष्णता आणखी टिकते, कारण आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी असतो.

विशेष म्हणजे ट्यूना हा हाडांचा मासा आणि ग्रेट व्हाइट हा कूर्चेचा. दोघांचे शेवटचे समान पूर्वज ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी होते. तरीही आत सरकलेले तांबडे स्नायू, उष्णता राखणारी जाळी आणि चंद्रकोरीसारखी शेपटी हे तिन्ही बदल दोघांमध्ये स्वतंत्रपणे घडले. एकच अडचण सोडवताना निसर्ग दोनदा एकाच उत्तरावर पोहोचला.

नुसत्या उष्णतेने वेग येतो का?

नाही. इंजिनासोबत बांधणीही हवी. बहुतेक मासे सापासारखे अंग वळवत पोहतात. ट्यूनाचे पुढचे अंग जवळजवळ ताठ राहते आणि हालचाल शेपटीपाशी एकवटते. आतल्या स्नायूंची ओढ लांब कंडरांमधून शेपटीपर्यंत पोहोचते. अरुंद आणि उंच शेपटी विमानाच्या पंखासारखी काम करते. पाणी मागे ढकलण्याबरोबरच ती पुढे खेचणारे बल निर्माण करते.

छातीचे पर अंगातील खाचांमध्ये घडी होऊन बसतात. पाठीवरचा आणि पोटाखालचा मागचा पर किती ताठ ठेवायचा हे ट्यूना द्रवाच्या दाबाने ठरवतो, असे २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातील संशोधनात दिसून आले. यासाठी तो लसिका संस्थेचा वापर करतो. थोडक्यात, जेसीबीच्या हातासारखी हायड्रॉलिक व्यवस्था. तलवार माशाच्या डोक्यात तेलाची ग्रंथी असून ते तेल बारीक छिद्रांतून त्वचेवर पसरते. त्यामुळे पाण्याचे घर्षण कमी होत असावे, असे २०१६ मध्ये डच संशोधकांनी मांडले.

या बांधणीची एक अट आहे. ट्यूना थांबू शकत नाही. कल्ल्यांवर पाणी ढकलण्यासाठी इतर मासे तोंड आणि कल्ल्यांची झाकणे हलवतात. ट्यूना तोंड किंचित उघडे ठेवून पोहतो आणि पाणी आपोआप कल्ल्यांतून जाते. पोहणे थांबले तर श्वास थांबतो. स्किपजॅक ट्यूनाला तर शरीर तरंगते ठेवणारी हवेची पिशवीही नसते. तो जन्मभर रात्रंदिवस पोहत राहतो.

गरम स्नायूंचा प्रत्यक्ष फायदा किती?

तापमान वाढले की स्नायू लवकर आकुंचन पावतात, लवकर सैल होतात आणि त्यांची शक्ती वाढते. अलास्काच्या थंड पाण्यातील सामन शार्कवर २००५ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसले की, त्याचे तांबडे स्नायू सस्तन प्राण्यांसारखे उबदार तापमानालाच नीट चालतात. ते थंड केले तर जवळपास निकामी होतात. म्हणजे उष्णता ही त्याच्यासाठी चैन नाही. भोवताली बर्फाळ पाणी असताना त्याला आत भट्टी पेटती ठेवावीच लागते.

जपानचे युकी वातानाबे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये माशांच्या अंगावर बसवलेल्या उपकरणांची माहिती एकत्र केली. समान आकाराच्या थंड माशांच्या तुलनेत गरम शरीराचे मासे सरासरी २.७ पट वेगाने संचार करतात, असा निष्कर्ष निघाला. त्यांचे वार्षिक स्थलांतरही अधिक लांबचे आढळले. २०२१ मध्ये आयर्लंडमधील संशोधकांच्या नेतृत्वाखालील दुसऱ्या अभ्यासात हा फायदा सुमारे १.६ पट भरला. आकडे वेगळे असले तरी दिशा एकच आहे. या दुसऱ्या अभ्यासाने आणखी एक समजूत तपासली. गरम शरीरामुळे मासा अधिक विविध तापमानांच्या पाण्यात राहू शकतो, असे मानले जात होते. तसा पुरावा त्यात मिळाला नाही. फायदा मुख्यतः वेगाचा आहे.

या संचाराचा गाजलेला दाखला म्हणजे 'निकोल' नाव दिलेली ग्रेट व्हाइट मादी. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिला उपकरण लावले गेले. ९९ दिवसांत सुमारे ११ हजार किलोमीटर कापून ती ऑस्ट्रेलियाजवळ पोहोचली आणि नऊ महिन्यांच्या आत पुन्हा दक्षिण आफ्रिकेला परतली. तिच्या पाठीवरच्या परावरील खुणांवरून ती ओळखली गेली. २००५ मध्ये हा प्रवास 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला.

सेलफिश खरेच ताशी ११० किलोमीटरने पोहतो का?

रील आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारा हा आकडा बऱ्याच पुस्तकांतही आहे. त्याचे मूळ अमेरिकेतील फ्लोरिडाच्या एका जुन्या मासेमारी तळावरच्या नोंदीत आहे. गळाला लागलेल्या सेलफिशने तीन सेकंदांत १०० यार्ड दोर ओढला, अशी ती नोंद. ९१ मीटर भागिले तीन सेकंद म्हणजे सेकंदाला सुमारे ३० मीटर, म्हणजेच ताशी ११० किलोमीटर. गणित बरोबर आहे, पण मोजला गेला तो रिळावरून सुटलेला दोर. मासा उसळी मारत होता की पोहत होता, दोर किती सैल होता, हे काही त्यात धरलेले नाही.

अलीकडच्या मोजमापांनी हा आकडा मोडीत काढला. शिकार करणाऱ्या सेलफिशवर वेगमापक यंत्रे बसवून २०१५ मध्ये झालेल्या अभ्यासात कमाल वेग सेकंदाला सुमारे आठ मीटर, म्हणजे ताशी ३० किलोमीटरच्या आसपास आढळला. २०१६ मध्ये स्नायू किती लवकर आकुंचन पावतात यावरून काढलेला अंदाजही सेकंदाला ८.३ मीटर इतकाच आला.

याशिवाय भौतिकशास्त्राची एक मर्यादा आहे. पृष्ठभागाजवळच्या पाण्यात शेपटी फार वेगाने फिरली की, तिच्यामागे दाब इतका घटतो की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे तयार होतात. ते फुटताना जबर मारा करतात. पंपाचे पंखे आणि जहाजांचे पंखे अशाच माऱ्याने खड्डे पडून खराब होतात. इस्रायली संशोधकांनी २००८ मध्ये केलेल्या हिशेबानुसार, सेकंदाला १० ते १५ मीटरच्या पुढे माशांना हा अडथळा येतो. ताशी ३० किलोमीटर हाही पाण्यात प्रचंड वेग आहे. त्याला अतिशयोक्तीची गरज नाही.

डोळे आणि मेंदूच गरम ठेवणारे मासे कोणते?

सेलफिश, मार्लिन आणि तलवार मासा यांचे पोहण्याचे स्नायू ट्यूनाइतके गरम नसतात. त्यांनी वेगळी वाट निवडली. त्यांच्या डोळ्यामागे हिटर असतो. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंपैकी एक स्नायू बदलून गेला आहे. तो आकुंचन पावत नाही. त्याच्या पेशी कॅल्शियम आत-बाहेर करण्यात ऊर्जा खर्च करतात आणि फक्त उष्णता निर्माण करतात. बार्बरा ब्लॉक यांनी १९८० च्या दशकात या अवयवाचे काम उलगडले.

तलवार मासा दिवसा शेकडो मीटर खोल, थंड आणि अंधाऱ्या पाण्यात शिकार करतो. थंडीत डोळ्यांची प्रतिमा टिपण्याची गती मंदावते आणि चपळ माकूल समोरून गेला तरी तो धूसर दिसतो. डोळा गरम असेल तर हीच गती १० पटींहून अधिक वाढू शकते, असे २००५ मधील अभ्यासात आढळले. सोप्या शब्दांत, शिकाऱ्याला सावजाच्या हालचाली जणू 'स्लो मोशन'मध्ये दिसतात.

संपूर्ण शरीर गरम ठेवणारा मासा आहे का?

आहे. थाळीसारखा गोल, तांबूस ओपा. अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेतील निकोलस वेग्नर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, ओपाचे हृदयही गरम असते. त्याने उष्णता राखणारे जाळे थेट कल्ल्यांतच बसवले आहे. जिथून उष्णता बाहेर पडते तिथेच ती अडवली जाते. परिणामी सुमारे ४५ ते ३०० मीटर खोलीवर त्याचे शरीर पाण्यापेक्षा सरासरी पाच अंशांनी गरम राहते.

ट्यूनाला हे जमलेले नाही. त्याचे स्नायू गरम, पण हृदयाचे तापमान मात्र भोवतालच्या पाण्याइतके. खोल बुडी मारली की हृदय मंदावते, तर स्नायूंची रक्ताची मागणी चालूच असते. त्यामुळे बरेच ट्यूना पुन्हा वर येऊन ऊब घेतात. ब्ल्यूफिन ट्यूनाच्या हृदयपेशींत कॅल्शियम हाताळणारी प्रथिने जास्त असल्याने तो थंडी अधिक सोसतो.

२०२३ मध्ये आणखी एक आश्चर्य समोर आले. संथपणे तोंड उघडे ठेवून सूक्ष्म जीव गाळून खाणारा अजस्र बास्किंग शार्कही अंतर्भागात एक ते दीड अंशाने गरम असतो, असे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी दाखवले. त्यामुळे 'गरम म्हणजे वेगवान शिकारी' हे समीकरण पूर्ण नाही, हे स्पष्ट झाले.

या सोयीची किंमत काय?

किंमत इंधनाची आहे. गरम शरीर अधिक प्राणवायू आणि अधिक अन्न मागते. त्यासाठी ट्यूनाच्या कल्ल्यांचे क्षेत्रफळ तेवढ्याच वजनाच्या ट्राउट माशाच्या सात ते नऊ पट असते. पोटाला सतत लागते, आणि अन्न कमी पडले तर सर्वात आधी फटका अशाच प्राण्याला बसतो. सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नामशेष झालेला महाकाय मेगालोडॉन शार्क भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे सात अंशांनी गरम होता, असे त्याच्या दातांच्या रासायनिक तपासणीतून २०२३ मध्ये पुढे आले. एवढी भूक भागवणे अशक्य होणे हे त्याच्या अंताचे एक कारण असावे, असे संशोधकांना वाटते.

दुसरी किंमत उष्णता बाहेर टाकण्याची. बिगआय ट्यूना उष्णता कधी धरून ठेवायची आणि कधी सोडायची यावर बऱ्यापैकी नियंत्रण ठेवू शकतो, हे हवाईजवळ केलेल्या अभ्यासात दिसले आहे. पण भोवतालचे पाणीच गरम असेल, तर सोडलेली उष्णता जाणार कुठे?

समुद्र तापल्यावर काय होईल?

इथे गरम मासे दोन बाजूंनी अडकतात. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. त्याच वेळी माशाच्या शरीराची प्राणवायूची मागणी वाढते. खाली थंड पाण्यात जावे, तर तिथे बऱ्याच भागांत प्राणवायू आधीच कमी आहे. उष्णकटिबंधीय अटलांटिकमध्ये कमी प्राणवायूचा थर वर सरकल्याने १९६० ते २०१० या काळात ट्यूना, मार्लिन यांच्या वावराची उभी जागा सुमारे १५ टक्क्यांनी घटली, असा अंदाज २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर गरम पाणी, खाली प्राणवायूची टंचाई, आणि मधल्या थरात दाटी. पृष्ठभागाजवळ गर्दी करणारे मासे जाळ्यात सापडणेही सोपे.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी हा मुद्दा परका नाही. जगातील सर्वात मोठ्या कमी प्राणवायूच्या पट्ट्यांपैकी एक अरबी समुद्रातच आहे. साधारण १०० ते १५० मीटर खोलीपासून हजार मीटरपर्यंत तो पसरलेला आहे.

काही प्रजाती जागा बदलत आहेत. ऑगस्ट २०१२ मध्ये ग्रीनलंडच्या पूर्वेला बांगड्याच्या जातीचे मासे पकडणाऱ्या नौकेच्या जाळ्यात तीन ब्ल्यूफिन ट्यूना सापडले. पाणी उबदार झाले, भक्ष्य उत्तरेला सरकले आणि पाठोपाठ शिकारीही गेला, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. मात्र मासा सरकला तरी त्याचा कोटा, नौका आणि त्यावर पोट असलेली माणसे तितक्या सहज सरकत नाहीत.

भारतीय मच्छीमारांसाठी याचा अर्थ काय?

पहिली गोष्ट बर्फाची. गळाशी झुंजणारा ट्यूना आणखी तापतो. त्याचे मांस आतून शिजल्यासारखे फिकट आणि मऊ पडते. जपानी बाजारात अशा मांसाला 'जळालेले' म्हणतात आणि ते साशिमीसाठी चालत नाही. शिवाय मासा गरम राहिला तर जिवाणू त्यात हिस्टामाइन तयार करतात. ते शिजवूनही नष्ट होत नाही आणि खाणाऱ्याला विषबाधा होऊ शकते. बांगड्यावर वरून बर्फ टाकला की तो काही वेळात गार होतो. मोठ्या कुप्याची भट्टी मात्र आत असते. त्यामुळे तो लगेच मारणे, रक्त काढणे, आतडी-कल्ले काढणे आणि बर्फाच्या पाण्यात बुडवणे आवश्यक असते. चांगल्या आणि पडेल भावात फरक पडतो तो इथेच.

नव्या नियमांत छोट्या नौकांनी पकडलेली मासळी समुद्रातच मोठ्या नौकेवर देण्याची, म्हणजे 'मदर अँड चाइल्ड' पद्धतीची तरतूद देखरेखीच्या अटीवर आहे. एलईडी दिवे लावून आणि दोन नौकांनी मिळून जाळे ओढून होणाऱ्या विध्वंसक मासेमारीला बंदीही आहे. ट्यूनाच्या बाबतीत मोठ्या नौकेवरची शीतगृहाची सोय ही या योजनेतील सर्वात कळीची बाब ठरेल. ती सहकारी संस्थांना परवडेल अशा दराने मिळाली नाही, तर कुपा पकडला जाईल, पण त्याचा भाव मिळणार नाही.

दुसरी गोष्ट संयमाची. जानेवारी २०१९ मध्ये टोक्योच्या तोयोसू बाजारात २७८ किलोचा एक ब्ल्यूफिन ३३ कोटी ३६ लाख येनला विकला गेला. वर्षातल्या पहिल्या लिलावातील हा भाव मुख्यतः प्रतिष्ठेचा असतो, तरी या माशामागे जग किती धावते हे त्यातून कळते. या हव्यासापायी प्रशांत महासागरातील ब्ल्यूफिनचा प्रजननक्षम साठा मूळच्या पाच टक्क्यांहूनही खाली गेल्याची नोंद आयूसीएनने २०२१ मध्ये केली. त्याच वेळी अटलांटिक ब्ल्यूफिन 'संकटग्रस्त' यादीतून बाहेर आला. पकडीचा कोटा कठोरपणे पाळल्याचा तो परिणाम होता.

लक्षद्वीपमध्ये, विशेषतः मिनिकॉयमध्ये, गळ-काठीने एकेक स्किपजॅक पकडण्याची जुनी रीत आजही चालू आहे. तिच्यात नको असलेले मासे फारसे मरत नाहीत आणि पकडही आपोआप मर्यादित राहते. खोल समुद्राकडे निघालेल्या नव्या नौकांना शीतगृह देताना या रीतीतून काय घ्यायचे, हे अंमलबजावणी करणाऱ्यांनी ठरवायचे आहे. कारण अतिमासेमारी कोट्याने थांबवता येते, तापलेला समुद्र कोट्याने थंड करता येत नाही. या माशाला दोन्ही संकटे एकाच वेळी सोसावी लागू नयेत, एवढे तरी आपल्या हातात आहे.